पाळक कसा घडतो?
फादर नीलकंठशास्त्री नहेम्या गोरे यांच्या चरित्रावरून एक पाठ



एखाद्या मंडळीत नवे पाळक येणार अशी वार्ता पसरली म्हणजे लोकांच्या तोंडी ठरलेले प्रश्न येतात. मूळ गाव कोणते? शिक्षण कितपत झाले आहे? घराणे कोणते? उपदेश बरा करतात काय? हे प्रश्न वावगे आहेत असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या हाती आपण आपल्या मुलांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि शेवटी आपली प्रेतक्रियाही सोपवितो, त्याची माहिती करून घेणे हे शहाणपणाचेच आहे. तथापि ह्या सर्वांहून मोठा असा एक प्रश्न बहुधा राहून जातो. हा मनुष्य ह्या कामाकडे कोणत्या वाटेने आला, आणि जे तो आपणांस सांगतो ते त्याने स्वतः पारखून घेतले आहे काय?

ह्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून आज आपण एका जुन्या पाळकाचे चरित्र अभ्यासणार आहो. आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. तेव्हा प्रारंभीच सांगितले पाहिजे की, कोणी आपला धर्म सोडावा म्हणून हा पाठ लिहिलेला नाही. सत्याचा शोध करणाऱ्या मनुष्याने स्वतःच्या मनाशी किती प्रामाणिक असावे, हे त्यात पाहावयाचे आहे, आणि तो धडा सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

पाळकाच्या पायऱ्या

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. 'पाळक' म्हणजे पाळणारा, मेंढपाळ. हा शब्द आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी पूर्ण रुळलेला आहे. परंतु पाळक नेमण्याची रीत सर्व मंडळ्यांत पूर्वी एक नव्हती. मुंबईत अमेरिकन मिशनचे लोक 1813 साली आले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाही. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले; गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेज त्यांचेच नाव चालवीत आहे. त्यांच्या पद्धतीत वडिलांची सभा कारभार करी. तिसरी पद्धत इंग्लंडच्या मंडळीची, म्हणजे ज्यांस आपण अँग्लिकन अथवा एपिस्कोपल म्हणतो त्यांची. तीत बिशप हा मुख्य असतो. मुंबईचा बिशपप्रांत 1837 साली स्थापन झाला, थॉमस कार हे पहिले बिशप झाले, आणि कोटातील 1718 सालचे सेंट थॉमस चर्च हे त्यांचे मुख्य मंदिर ठरले.

बिशपांच्या ह्या पद्धतीत सेवेच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. डीकन म्हणजे सेवक. तो काही काळ वडील पाळकाच्या हाताखाली काम करतो, आजाऱ्यांस भेटतो, पवित्र शास्त्र वाचतो, उपदेशात साहाय्य करतो. मग योग्य ठरल्यास तो प्रीस्ट होतो, आणि तेव्हाच त्यास प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा अधिकार मिळतो. दीक्षेच्या वेळी बिशप सर्व मंडळीसमोर विचारतात की, ह्या मनुष्यास दीक्षा न देण्याजोगे काही कारण कोणास ठाऊक असल्यास त्याने पुढे येऊन सांगावे. पुढे उमेदवारास एकामागून एक प्रश्न घालतात आणि त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. इंग्लंडच्या मंडळीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे डीकन होण्यास तेवीस वर्षे पुरी लागत, प्रीस्ट होण्यास चोवीस. ज्यांचे चरित्र आपण पाहणार आहो ते डीकन झाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. मधली वीस वर्षे कशात गेली, ह्यातच ह्या पाठाचे सार आहे.

काशीचा तरुण पंडित

नीलकंठ गोरे यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1825 रोजी झांशीच्या आग्नेयेस असलेल्या काशीपुरा नावाच्या खेड्यात झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे, कोकणातून उत्तरेकडे गेलेले. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले, आणि नीलकंठाचे सर्व शिक्षण तेथे संस्कृतातून झाले. व्याकरण, न्याय, वेदान्त ह्यांत त्यांची बुद्धी अशी चाले की विशी गाठण्यापूर्वीच लोक त्यांस शास्त्री म्हणून ओळखू लागले.

त्या काळी काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी रस्त्यावर उपदेश करीत असत. एवढ्या मोठ्या विद्यापीठात येऊन एक परदेशी मनुष्य आपल्या शास्त्रांस खोटे म्हणतो, हे तरुण नीलकंठास सहन झाले नाही. त्यास वादात जिंकून गप्प बसवावे, ह्या हेतूने ते त्याच्याकडे गेले. जॉन म्यूर ह्या स्कॉटिश संस्कृतज्ञाने 1839 साली 'मतपरीक्षा' ह्या नावाने ख्रिस्ती मताचा पुरस्कार करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याच्या खंडनार्थ नीलकंठशास्त्र्यांनी 1844-45 च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतात रचला. जगातील दुःखाचा उलगडा ख्रिस्ती मताने कसा होतो, दयाळू ईश्वर जिवांस अनंत शिक्षा कशी देईल, असे त्यातील आक्षेप आजही विचारी वाचकास थांबवितात. हा ग्रंथ पुढे 1951 साली उज्जैन येथे छापला गेला.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी. प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे म्हणून नीलकंठशास्त्र्यांनी प्रतिपक्षाचा ग्रंथ नीट वाचला. वाद जिंकावयास निघालेले बहुतेक लोक इतकी तसदी घेत नाहीत. ते ऐकीव गोष्टींवर बोलतात आणि टाळ्या मिळवून घरी जातात. नीलकंठशास्त्री वाचीत गेले, आणि वाचता वाचता आपल्या आक्षेपांचीही परीक्षा करू लागले. चार वर्षे हे द्वंद्व चालले. शेवटी 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांस नवे नाव मिळाले ते नहेम्या. जुन्या करारातील नहेम्या हा यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधणारा पुरुष. परंतु बांधकामास हात घालण्यापूर्वी तो रात्रीच्या वेळी, कोणास न सांगता, थोडक्या माणसांनिशी कोटाभोवती फिरला. कोणती वेस जळाली आहे, कोठे दगडमातीचे ढीग पडले आहेत, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मगच लोकांस हाक दिली. आपल्या चरित्रनायकास हे नाव किती साजले हे पुढे दिसेल.

जे गमवावे लागले

त्या काळी धर्मांतर ही केवळ एका मनुष्याची गोष्ट नसे. घरातील एकाने पाऊल टाकले की सर्व घराणे हादरे. ज्या कुटुंबाने एवढ्या आशेने मुलास पंडित केले, त्यास ह्या घटनेने काय वाटले असेल, हे कोणाही पालकाने मनात आणावे. त्यांचे दुःख खरे होते. चरित्रनायकाचा गौरव करताना त्याच्या आईबापांच्या अश्रूंकडे पाठ फिरविणे न्यायाचे होणार नाही.

पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. परंतु हा संसार फार दिवस टिकला नाही. 1853 च्या सप्टेंबरात त्यांस कन्या झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई निवर्तल्या. तान्ह्या मुलीस एकट्या पित्याने कसे सांभाळावे? ती युरोपियन कुटुंबांत वाढली, 1865 साली इंग्लंडास गेली आणि 1880 साली परत आली. एलन लक्ष्मी गोरे हे तिचे नाव. इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ती पुढे नावारूपास आली. 1883 साली तिचा गीतसंग्रह इंग्लंडात प्रसिद्ध झाला आणि त्यातील गीते दूरदूरच्या मंडळ्यांत गाइली जाऊ लागली. परंतु ज्या पित्याने वेदान्त पचविला होता, त्याची मुलगी परक्यांच्या घरी परक्या भाषेत वाढली, हेही तितकेच खरे. तत्त्वासाठी दिलेली किंमत पुष्कळदा घरातील लहानांच्या पदरी पडते, ही गोष्ट थोरांची चरित्रे वाचताना विसरू नये.

विलायतेतील निराशा

1854 साली पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग इंग्लंडास गेले. त्यांचे पंडित म्हणून नहेम्या गोरे त्यांच्याबरोबर होते. ज्या देशातून आपणांस हा धर्म सांगण्यास माणसे आली, तो देश पाहावयास मिळणार! केवढ्या अपेक्षेने ते गेले असतील! परंतु लंडनात त्यांस काय दिसले? धनाची धावपळ, दारिद्र्य, चैन, आणि ख्रिस्ताच्या उपदेशाशी फारसा संबंध नसलेला रोजचा व्यवहार. ऋग्वेदाचे संपादक मॅक्स मुल्लर यांची व त्यांची इंग्लंडात भेट झाली. हा सौम्य पंडित तेथील ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांचे जीवन पाहून किती खिन्न झाला होता, हे मुल्लरसाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे.

दुसरा कोणी असता तर त्याने दोहोंपैकी एक वाट धरली असती. एक तर डोळे मिटून विलायतेची स्तुती गाइली असती, नाही तर निराश होऊन सर्वच टाकून दिले असते. गोरे यांनी ह्यातले काहीच केले नाही. लोकांच्या आचरणावरून तत्त्वाचा निकाल करावयाचा नाही, आणि तत्त्वाच्या थोरवीने लोकांचे आचरण झाकावयाचे नाही, ह्या अवघड जागी ते उभे राहिले. 1855 साली ते स्वदेशी परतले आणि पुन्हा उपदेशकाच्या साध्या कामास लागले.

वीस वर्षांची उमेदवारी

असे हे 1848 पासून 1868 पर्यंत चालले. एवढा विद्वान मनुष्य, पाळकाची दीक्षा मागितली असती तर कोण नाही म्हणता? परंतु ते स्वस्थ बसले नव्हते. 1860 साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सहा दर्शनांचे परीक्षण आहे. फिट्झएडवर्ड हॉल ह्या संस्कृतज्ञाने त्याचे इंग्रजी भाषांतर 1862 साली प्रसिद्ध केले. त्यांची टीका पुष्कळांस पटली नाही आणि आजही पटणार नाही. परंतु दर्शनांचे मूळ ग्रंथ ज्याने गुरूच्या पायाशी बसून वाचले होते अशा मनुष्याची ती टीका होती, हे त्यांचे विरोधकही जाणत.

त्याच वेळी त्यांच्या अंतःकरणात शंकांचे वादळ पुनःपुन्हा उठत असे. ज्या न्यायशास्त्राने त्यांनी पूर्वी परपक्षाची चिरफाड केली, तेच शस्त्र आता ते आपल्या विश्वासावर चालवून पाहत. विश्वास धरावयाचा आणि बुद्धीही गहाण टाकावयाची नाही, हा त्यांचा हट्ट होता. शंका मनात असता वरून निश्चिंतपणा दाखविणे त्यांस जमत नसे. हळूहळू त्यांची ओढ प्राचीन मंडळीची परंपरा, संस्कारविधी आणि वैराग्याचे जीवन ह्यांकडे वळली. काशीत तपस्व्यांची परंपरा ज्याने लहानपणापासून पाहिली, त्यास साहेबी बंगल्यातील धर्मापेक्षा संन्यस्त वृत्तीचा धर्म जवळचा वाटावा, ह्यात नवल ते काय?

अखेर 1868 साली ते डीकन झाले आणि 1870 साली प्रीस्ट. त्या वेळी कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन होते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हा पंडित पूर्ण पाळक झाला.

पुणे, मुंबई आणि एक पत्रव्यवहार

पुढील आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आपल्या महाराष्ट्रात घालविला. ऑक्सफर्डजवळील कौली येथे 1866 साली स्थापन झालेल्या सेंट जॉन ह्या संन्यस्त पाळकांच्या संघाशी त्यांचा संबंध जडला. ह्या संघाचे लोक 'कौली फादर्स' ह्या नावाने ओळखले जात. मुंबईत माझगाव व उमरखाडी ह्या भागांत आणि पुण्यात त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. तेव्हापासून लोक आपल्या चरित्रनायकास 'फादर गोरे' म्हणू लागले.

पुण्यात त्यांचा संबंध आला तो पंडिता रमाबाईंशी. 1882 साली रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहत असता फादर गोरे त्यांस पत्रांतून उत्तरे देत. प्रश्न करणारी विदुषी आणि उत्तर देणारा पंडित, दोघेही संस्कृतात वाढलेले. तेव्हा हा पत्रव्यवहार कोणत्या पातळीवर चालला असेल ह्याची कल्पना करावी. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपले मन वळविण्याचे श्रेय त्यांनी फादर गोरे यांसच दिले आहे. पुढे 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी आपल्या ह्या मुंबईत, चौपाटीवर, शारदासदन उघडले हे आपणांस ठाऊक आहेच.

परंतु रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही प्रश्न विचारीतच राहिल्या. जे समजत नाही ते केवळ वडिलांच्या आज्ञेने मानावयाचे नाही, हा त्यांचा बाणा मठातील शिक्षिकांस जड गेला. फादर गोरे मात्र प्रश्नांना भीत नसत, कारण ते स्वतः त्याच शाळेतून गेले होते. ज्याने अंधारात चाचपडत वाट काढली आहे, तोच दुसऱ्याचा हात धीराने धरू शकतो.

न घेतलेली शपथ

आता ह्या चरित्रातील सर्वांत बोलकी गोष्ट. कौलीच्या संघात प्रवेश करणाऱ्यास प्रथम उमेदवार म्हणून राहावे लागते, आणि मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्यांची आजन्म शपथ घ्यावी लागते. फादर गोरे यांनी अखेरपर्यंत ती शपथ घेतली नाही. राहणी पाहावी तर ती शपथ घेतलेल्या पुष्कळांहून कडक. तरीही ते उमेदवारच राहिले. त्यांची सदसद्विवेकबुद्धी इतकी सूक्ष्म होती की, जे वचन आपल्या मनाने पूर्णपणे दिले नाही ते ओठांनी देणे त्यांस शक्य झाले नाही.

कोणी म्हणेल, ही अनिश्चितता आहे, हा दुबळेपणा आहे. मला तसे वाटत नाही. शपथ घेऊन न पाळणारे जगात थोडे नाहीत. शपथ न घेता ती जन्मभर पाळणारा मनुष्य विरळा. 29 ऑक्टोबर 1895 रोजी ह्याच मुंबई शहरात फादर गोरे यांचा अंत झाला. बाप्तिस्म्यास सत्तेचाळीस वर्षे आणि दीक्षेस पंचवीस वर्षे होऊन गेली होती. तरी आपल्या संघात तेव्हाही ते उमेदवारच होते.

आजच्या दिवसांत

फादर गोरे यांच्या काळानंतर पुष्कळ पालट झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारतातील सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजेच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अस्तित्वात आली. अँग्लिकन आणि त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे नांदणाऱ्या इतर परंपरा तीत एक झाल्या, आणि बिशप, प्रेस्बिटर व डीकन ह्या तीन पायऱ्या सर्वांनी स्वीकारल्या. आता स्त्रियांनाही पाळकाची दीक्षा मिळते. पाळक होऊ इच्छिणाऱ्या तरुणास आपल्या मंडळीची शिफारस लागते, निवड करणाऱ्यांसमोर उभे राहावे लागते, ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयात काही वर्षे अभ्यास करावा लागतो, आणि मग डीकनपणाची पायरी चढावी लागते. हा क्रम पाहून एखाद्या पालकास वाटते, एवढ्या अवधीत मुलगा दुसरीकडे चांगला स्थिरावला असता. त्याने वीस वर्षांच्या त्या उमेदवारीचे स्मरण करावे. मेंढरांची जबाबदारी सोपविण्यापूर्वी मेंढपाळाची परीक्षा व्हावी, ह्यात मेंढरांचेच हित आहे.

ह्या चरित्रावरून तीन गोष्टी मनात धराव्या. पहिली ही की, ज्याचे खंडन करावयाचे ते आधी नीट वाचावे. दुसरी, शंका येणे हे पाप नव्हे. शंका दडपून खात्रीचा आव आणणे हे मात्र आत्म्यास घातक आहे. तिसरी, जे वचन पाळण्याची मनाची तयारी नाही ते लोकलाजेस्तव देऊ नये, आणि दिले तर मोडू नये. पाळक, शिक्षक, वैद्य, वकील, गिरणीतील कारागीर, कोणीही असो, ह्या तीन गोष्टी ज्याच्या अंगी आहेत त्याच्या हाती आपले मूल निर्धास्तपणे सोपवावे.

मननासाठी प्रश्न

1. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिण्यात नीलकंठशास्त्र्यांचा हेतू काय होता, आणि त्या कामाचा त्यांच्या स्वतःच्या मनावर काय परिणाम झाला?
2. नहेम्याने रात्री कोटाची पाहणी का केली? ही गोष्ट फादर गोरे यांच्या आयुष्यास कशी लागू पडते?
3. विलायतेत निराशा झाली असताही फादर गोरे यांनी कोणत्या दोन सोप्या वाटा टाळल्या?
4. फादर गोरे यांनी आजन्म शपथ घेतली नाही, हे योग्य झाले असे तुम्हांस वाटते काय? घरी आईवडिलांशी चर्चा करून आपले मत दहा ओळींत लिहा.